स्कॅन केलेली नोंद सापडत का नाही?



जून-जुलै आला की शाळेत जुने विद्यार्थी यायला लागतात. कुणाला स्वतःच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, पण बहुतेकांना हवा असतो वडिलांचा नाहीतर आजोबांचा उतारा. आपल्या शहापूर-मुरबाड भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती मोठी आहे. अनुसूचित जमातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950 चा. त्यामुळे जात पडताळणीत त्याआधीची शाळेतली नोंद मिळाली तर तिला फार वजन असतं. ती नोंद असते आपल्या जनरल रजिस्टरमध्ये, एका ओळीत. एखाद्या मुलीचा नर्सिंगचा किंवा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्या ओळीपाशी अडलेला असतो.

आता बऱ्याच ठिकाणी ही रजिस्टरं स्कॅन झाली आहेत किंवा निदान मोबाईलवर फोटो काढून ठेवले आहेत. चांगलंच झालं, कारण कागद पिवळा पडतो, वाळवी लागते, पावसाळ्यात छप्पर गळतं. पण फोल्डर उघडून बघा. ‘आयएमजी_2034’, ‘आयएमजी_2035’, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर 2’. यात 1948 सालचं पान कोणतं? एकेक फोटो उघडून बघायचा असेल तर त्यापेक्षा कपाटातलं रजिस्टर काढणं सोपं. माझं स्पष्ट मत आहे की नाव दिल्याशिवाय स्कॅनचं काम पूर्ण झालं असं म्हणूच नये. आणि फाईलला नाव देणं, फाईल शोधणं ही गोष्ट मुलांनाही ‘संगणकाचे भाग’ पाठ करून घेण्याच्या आधी शिकवावी.

संगणक फाईल शोधतो कशी, हे समजायला मला सगळ्यात उपयोगी पडली पास्कल ही जुनी भाषा. स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ या प्राध्यापकांनी ती 1970 च्या सुमारास विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवता यावं म्हणूनच तयार केली. तिच्यात ‘बिगिन’ने सुरुवात आणि ‘एंड’ने शेवट, त्यामुळे वाचताना कळते. फ्री पास्कल आणि लाझारस ही दोन्ही साधनं मोफत आहेत, शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतात. (आजकाल सगळे पायथॉन म्हणतात. चालेल की! मुद्दा भाषेचा नाही.)

पास्कलमध्ये शोधासाठी तीन आज्ञा आहेत. ‘फाइंडफर्स्ट’ म्हणजे अमुक फोल्डरमध्ये अमुक नमुन्याशी जुळणारी पहिली फाईल दे. ‘फाइंडनेक्स्ट’ म्हणजे पुढची दे, ही पुन्हा पुन्हा म्हणायची. आणि काम संपल्यावर ‘फाइंडक्लोज’, म्हणजे शोधाची वही मिटून जागेवर ठेव. फाईल सापडली की उत्तर येतं शून्य! मुलांना याची फार मजा वाटते, कारण आपल्याकडे शून्य म्हणजे नापास. नमुन्यात फुलीसारखं तारांकन लिहिलं की ‘इथे काहीही चालेल’ आणि प्रश्नचिन्ह लिहिलं की ‘इथे एकच चिन्ह’.

इथपर्यंत एक फोल्डर झाला. फोल्डरच्या आत फोल्डर असले की खरी गंमत. हे शिक्षकांना वेगळं समजावायला नको, आपण शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण दरवर्षी करतो. गाव, गावात पाडे, पाड्यात घरं. 6 ते 14 वयाचं, शाळेत नाव नसलेलं मूल हा आपला नमुना. वेशीवरच उभं राहून ‘असं मूल आहे का?’ विचारलं आणि परत आलो, तर पाड्यावरचं मूल राहून जातं. प्रोग्रॅममध्येही तेच होतं. ‘फक्त जेपीजी फाईली दे’ असा नमुना दिला की ‘1948’ नावाचा फोल्डर त्यात बसत नाही, कारण त्याच्या नावाच्या शेवटी जेपीजी नाही. मग प्रोग्रॅम त्या फोल्डरात शिरतच नाही आणि आतली पानं कायमची राहून जातात. म्हणून आधी ‘सगळं दे’ म्हणायचं, फोल्डर दिसला की त्याच्या आत जाऊन तेच काम पुन्हा करायचं, आणि फाईल असेल तर नमुना आपण तपासायचा.

अजून एक खोच आहे. यादीत ‘एक टिंब’ आणि ‘दोन टिंबं’ अशी दोन नावं येतात. एक टिंब म्हणजे हाच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे याच्या वरचा. ती वगळली नाहीत तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे फिरत राहतो. वाशिंदहून पाड्यावर निघालेला माणूस पुन्हा वाशिंदलाच यावा तसा. लाझारसमध्ये हे सगळं एका ओळीत करणारी ‘फाइंडऑलफाइल्स’ नावाची सोय आहे, पण मुलांना ती आधी दाखवू नये. आधी पाड्यावर चालू द्या.

पण हा सगळा शोध फक्त नावाचा आहे, हे विसरू नका. फोटोच्या आत काय लिहिलंय ते या प्रोग्रॅमला दिसत नाही. आत आजोबांचं नाव मोडीत असो की सुवाच्य बाळबोधीत, फाईलचं नाव ‘आयएमजी_2034’ असेल तर तो तेवढंच जाणतो. शिवाय मराठीच्या आपल्या अडचणी आहेतच. ‘ठाकूर’ आणि ‘ठाकुर’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी नावं. ‘१९४८’ आणि ‘1948’ सुद्धा वेगळे. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला मात्र क आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, म्हणून एका प्रश्नचिन्हात ते मावत नाही. आणि ‘जीआर’ लिहून शोधलं तर जनरल रजिस्टरही येईल आणि शासन निर्णयांचा ढीगही. आपणच दोन्हींना जीआर म्हणतो, त्याला बिचारा संगणक काय करणार?

यावर उत्तर ठरलेलं आहे, ‘मॅडम, वेळ कुठाय?’ तक्रार खोटी नाही. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादी, सगळं आपल्याच डोक्यावर. पण हिशेब करून बघा. 200 पानांचं रजिस्टर, पानाला एक मिनिट, म्हणजे साडेतीन तासांच्या आत काम होतं, तेही एकदाच. ज्या कार्यालयांतून ‘स्कॅन करून पाठवा’ असा निरोप येतो त्यांनी नाव कसं द्यायचं हेही त्याच निरोपात लिहावं आणि त्यासाठी एक दिवस मोकळा द्यावा, अशी मागणी आपण करायला हवी.

मी सुचवते तो नियम असा. आधी ‘दाखलरजिस्टर’, मग साल, मग रजिस्टर क्रमांक, मग पान क्रमांक, पुढे त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा नोंद क्रमांक. मधे रिकामी जागा नको, खालची रेघ. अंक सगळीकडे इंग्रजी आणि पान क्रमांक तीन अंकी, म्हणजे 7 ऐवजी 007. नाही तर यादी लावताना कुठे 10 वं पान 2 च्या आधी येऊन बसतं. मुलाचं नाव, जात, आधार क्रमांक फाईलच्या नावात अजिबात नको. ती फाईल उद्या कुणाच्या मोबाईलवर जाईल सांगता येत नाही. नाव आणि नोंद क्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवावी.

पालकांनीही घरच्या दाखल्यांच्या फोटोंना असंच नाव द्यावं, पाचवीतलं मूल हे सहज करतं. आणि शाळेत दुसरा काही नियम ठरला असेल तर तोही चालेल. फक्त तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, बदलीवर नवे शिक्षक येतील तेव्हा त्यांना दिसेल.