पांचांतून दोन वजा

१ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळील ड्रिग रोडच्या तळावर हिंदी वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली. सिंध प्रांत त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. तेव्हां हें रोप आपल्याच इलाख्यांत लागलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. या दलाचा सरंजाम तो काय? वापिटी जातीचीं चार दुपंखी विमानें, विलायतेंत क्रॅनवेल येथें शिकून आलेले पांच हिंदी वैमानिक आणि मूठभर हवाई शिपाई. त्याच सालीं भूपिंदरसिंग व अमरजितसिंग हे दोन तरुण वैमानिक वापिटी कोसळून प्राणांस मुकले. पांचांतून दोन गेले, तीन उरले.

आमच्या व्यापारी वाचकांस या वजाबाकीचा अर्थ फोड करून सांगावयास नको. हजारांच्या भांडवलावर दोन रुपयांची खोट आली तर मुनीम ती सहज जिरवतो. पण ज्या पेढीचें भांडवलच पांच रुपये, तिला दोन रुपयांची खोट म्हणजे दिवाळ्याचीच वर्दी होय. उड्डाणविद्या त्या काळीं सर्वत्रच जिवावरची होती. इंग्लंडांतही शिकाऊ वैमानिक पडत आणि मरत. तेव्हां अपघात झाला याबद्दल आम्ही कोणावर फिर्याद करीत नाहीं. आमची फिर्याद त्या भांडवलाच्या तुटपुंजेपणाबद्दल आहे.

हा तुटपुंजेपणा दैवी नव्हता, बुद्ध्याच राखलेला होता. हिंदी माणसास विमान चालवितां येईल कीं नाहीं, ही शंका पहिल्या महायुद्धांतच निकालांत निघाली होती. इंद्रलाल रॉय हा बंगाली तरुण जुलै १९१८ मध्यें फ्रान्सच्या आकाशांत लढतां लढतां पडला, तेव्हां त्याचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. एवढा पुरावा दप्तरांत असतां सरकारनें १९२५ सालीं स्कीन कमिटी नेमली. पहिले हिंदी उमेदवार क्रॅनवेलला जाण्यास १९३० साल उजाडलें. कायदा १९३२ सालीं झाला. पुढें दुसरी उपतुकडी १९३६ सालीं व तिसरी १९३८ सालीं आली. आणि १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटलें तेव्हां एवढ्या मोठ्या देशापाशीं स्वतःचें असें एकच स्क्वाड्रन होतें! विमानांच्या बाबतींतही तोच हात आखडता. वापिटीचा आराखडाच मुळीं काटकसरीचा होता. महायुद्धांतील डी. एच. ९ ए या विमानाचे शिलकी भाग जितके वापरतां येतील तितके वापरावे, अशी अट घालूनच तें विमान मागविलें गेलें होतें.

येथपर्यंत दोष परक्या सरकारच्या पदरीं टाकून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु वकिलानें स्वतःच्या पक्षकाराचीही उलटतपासणी करावी लागते. स्वराज्य आल्यावर आम्ही काय केलें? १९८२ सालीं ला फाँटेन समितीनें स्पष्ट सांगितलें कीं, तरुण वैमानिकांस अतिवेगवान लढाऊ विमान देण्यापूर्वीं त्यांच्यासाठीं प्रगत जेट शिकाऊ विमान पाहिजे. हॉक विमानांचा करार २००४ सालीं झाला आणि विमानें दलांत आलीं २००८ सालीं. या २६ वर्षांत कित्येक पोरें मंद विमानावरून थेट मिग-२१ वर चढलीं. प्राथमिक शिक्षणाचें एचपीटी-३२ हें विमान तर वारंवारच्या अपघातांनंतर २००९ सालीं उड्डाणांतून काढावें लागलें, आणि त्याच्या जागीं पिलाटस विमानें घेण्याचा करार २०१२ सालीं झाला. येथें कोणता गोरा साहेब आडवा आला होता?

खरी गोष्ट अशी आहे कीं, लढाऊ विमानाचा थाट मिरवणुकींत दिसतो. शिकाऊ विमान कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. म्हणून अंदाजपत्रकांत तें नेहमीं मागें पडतें. आमच्या मतें शिकाऊ विमानांची रक्कम आधीं मंजूर व्हावी, मग लढाऊ विमानांची. तसेंच अपघाताच्या चौकशीचा जो भाग खरोखर गुप्त नाहीं, तो ठराविक मुदतींत लोकांपुढें ठेवलाच पाहिजे. मुलगा देशास देणाऱ्या आईबापांस मुलगा कशानें गेला हें कळण्याचा हक्क आहे. ती सरकारची मेहेरबानी नव्हे.

ड्रिग रोडच्या उरलेल्या तिघांपैकीं सुब्रतो मुखर्जी हे १ एप्रिल १९५४ रोजीं, म्हणजे त्या पहिल्या दिवसानंतर बरोबर २१ वर्षांनीं, वायुदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. गेलेल्या दोघांनीं काय केलें असतें, याचा हिशेब कोणत्याच वहींत मांडतां येणार नाहीं. यापुढें विमानखरेदीची बातमी वाचतांना आमच्या वाचकांनीं किंमत अवश्य पाहावी. पण तींत शिकाऊ विमानें किती, हें आधीं पाहावें, आणि आंकडा सांपडला नाहीं तर आपल्या प्रतिनिधीस त्याबद्दल पत्र लिहावें.