वात बारीक करा, दिवा मालवू नका

माझ्या लहानपणी आमच्या खेड्यात वीज असून नसल्यासारखीच होती. बाबा रात्री शेतात गेले की आई ओसरीवर कंदील टांगी. घासलेट रेशनचे, मोजून मिळणारे. म्हणून बाबा गेले की ती वात अगदी बारीक करी. पण कंदील मात्र मालवीत नसे. "एवढं घासलेट वाचवतेस, तर मालवूनच का टाकत नाहीस?" असे मी एकदा विचारले. त्यावर ती म्हणाली, "मंग तुह्या बापाले घर कसं दिसन?"

हा कंदील इतक्या वर्षांनी आठवला तो एका मोबाइलमुळे. बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत आणि आईसह अजून गावीच राहतात. चिरंजीवांनी नवा फोन घेतला, तेव्हा जुना फोन, जुना कोट जावा तसा, आजोबांकडे गेला. गेल्या वर्षी मार्गशीर्षात सोयाबीन निघून हरभरा उभा होता. वाशीम जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांप्रमाणे बाबांच्या पंपालाही त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. रात्री दहाला मी फोन लावला तो बंद. अकराला बंद, बारालाही बंद. आई शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारी, "काही समजलं का?" अंधार, साप, रानडुकरे आणि ओला स्टार्टर, एवढे सगळे आमच्या डोळ्यांपुढून गेले. पहाटे बाबा घरी आले आणि म्हणाले, "मोबाइल तं सांजीलेच मेला. मले काय झालं?"

त्या रविवारी आम्ही गावी गेलो आणि फोनची तपासणी झाली. सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' म्हणून एक पान असते. कोणत्या अ‍ॅपने किती खाल्ले, ते तिथे वाण्याच्या वहीसारखे मांडलेले असते. वही उघडताच उधळपट्टी उघडकीस आली. पडदा दहा मिनिटे विझत नव्हता, आणि उजेड सदैव पूर्ण. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभात आणि लग्नांचे व्हिडिओ आपोआप उतरत होते. चार-पाच अ‍ॅप्स बाबा कुठे आहेत याची दिवसभर चौकशी करीत होती. आणि आम्हांला हवे तेव्हा मात्र त्यांचा पत्ता लागला नव्हता!

एकेक खर्च कमी केला. पडदा तीस सेकंदांत विझू लागला. उजेड कमी करायला बाबांची हरकत होती. मोतीबिंदू काढलेला, त्यात उन्हात काही दिसत नाही. म्हणून तो कमी न करता 'आपोआप' वर ठेवला. आता तो उन्हात वाढतो, घरात उतरतो. व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले. ठिकाण विचारण्याची परवानगी 'अ‍ॅप वापरताना' एवढीच ठेवली. शेतात फाइव्ह-जी धड पोहोचत नाही. रेंज कच्ची असली की फोन टॉवरशी बोलण्यासाठी जास्त जोर लावतो आणि त्यात बॅटरी खर्ची पडते. तेव्हा तो फोर-जीवर आणला.

काही समजुतीही खोट्या निघाल्या. आमची सौभाग्यवती दर दहा मिनिटांनी सगळी अ‍ॅप्स झाडून टाकीत असे. त्याने बचत होत नाही. तेच अ‍ॅप पुन्हा मुळापासून उघडण्यात उलट अधिक खर्च होतो. पडद्याची पार्श्वभूमी काळी केल्याचा फायदा ओएलईडी पडद्याला होतो. बाबांच्या एलसीडीला नाही.

त्यानंतर चिरंजीवांनी एक रामबाण उपाय सुचविला. "आजोबा, शेतात जाताना विमान मोड लावा. चार दिवस बॅटरी जाईल!" बाबांनी तो इमानाने लावला. पुढच्या पाळीला रात्री मी फोन केला, तर बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फोन जिवंत होता, बॅटरी भरलेली होती, आणि आम्ही पुन्हा रात्रभर जागे! त्या रात्री मला आईचा कंदील आठवला. काटकसर आणि कंजुषी हे शब्द आम्ही वर्गात समानार्थी म्हणून शिकवतो, ते चूकच आहे. काटकसर कामापुरते राखून बाकीचे वाचवते. कंजुषी ज्यासाठी वाचवायचे तेच बंद करते.

मग आम्ही विमान मोड काढला आणि 'बॅटरी सेव्हर' लावला. त्यात मागे चालणारी कामे मंदावतात, पण साधा फोन येतो-जातो. रात्री शेतात इंटरनेटही बंद ठेवायचे ठरले. ती झाली बारीक केलेली वात.

बॅटरीच्या आयुष्याचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लिथियम-आयन बॅटरी बाजारात १९९१ साली आली. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: फार उष्णता, आणि पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे राहणे. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात फोन पत्र्याखाली, गाडीच्या काचेमागे किंवा उशीखाली चार्जिंगला ठेवू नये. वीस आणि ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर ती अधिक टिकते. 'पूर्ण संपवूनच भरावी' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. तो इथे लागू नाही. आणि बॅटरी फुगली असेल, तर सेटिंग्जचा उपयोग नाही. फोन वापरणे थांबवून ती बदलून घ्यावी.

बाबांच्या पुढच्या पाळीच्या रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. मी दचकून उचलला. पलीकडून बाबा शांतपणे म्हणाले, "पाणी झालं. निघालो घराकडं. अन् बॅटरी चाळीस टक्के हाय."

मी लगेच आईला कळवले. ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. मलेच पह्यले फोन केला त्यायनं."