शंभर मीटरांची दया

दिल्लीतील मराठी मंडळींच्या एका बैठकीत आम्ही सहज बोलून गेलो की, गेल्या रविवारी ओखल्याच्या पक्षी अभयारण्यात बंधाऱ्यावरून दोन-तीन तास पायी हिंडून आलो. ते ऐकून एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तेथे पाहायचे काय? चार बदके! तळे तरी खरे कुठे आहे? धरणाने अडवलेले पाणी ते! आणि त्या यमुनेची घाण!" बैठक हसली, चहा आला, विषय संपला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. आमचे स्नेही अडाणी नव्हेत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सुविद्य गृहस्थ आहेत. त्यांच्यासारख्यांच्या, म्हणजे वाचकहो, तुमच्या-आमच्याच लेखणीने या देशातील पाणथळींचे भवितव्य ठरत असते. म्हणून त्यांच्या तिन्ही आक्षेपांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला आक्षेप, पाहण्यासारखे काही नाही हा. डिसेंबरच्या सकाळी धुके विरू लागले की ओखल्याच्या पाण्यावर काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी थव्याने तरंगताना दिसतात. आपल्याकडे त्यांना वारकरी म्हणतात. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका मिरवणारे ते हळदीकुंकू बदक. फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळणारा तो थापट्या. केशरी अंगाची ती चक्रवाकांची जोडी, हिमालयापलीकडून आलेली. ही नावे कोणा पंडिताने खोलीत बसून घडवलेली नाहीत. पाण्याकाठी आयुष्य काढणाऱ्या माणसांच्या तोंडची ती आहेत. वनखात्याची नोकरी करता करता अशी नावे रानोमाळ हिंडून वेचणारे आणि 'पक्षिकोश' सिद्ध करणारे मारुती चितमपल्ली हेही एक सरकारी अधिकारीच होते. २०२५ साली ते गेले. बदलीच्या गावी काय पाहायचे, असा प्रश्न त्यांना पडला नाही. आपल्याला पडतो, यात दोष गावाचा नव्हे.

दुसरा आक्षेप, तळे कृत्रिम आहे हा. आहेच. यमुनेवर ओखल्याला धरणबंध घातला गेला, त्यामागे पाणी साचले, पाण्यात वनस्पती आल्या आणि वनस्पतींमागून पक्षी आले. १९९० साली सुमारे चार चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पण कृत्रिम म्हणून जे गौण, त्या न्यायाने भोपाळचा मोठा तलावही गौण ठरेल. परंपरा तो भोजराजाचा म्हणते आणि भोपाळ शहर त्याचे पाणी पिते. भरतपूरचा घनाही बांध घालूनच पाणथळ झाला. आपल्या गोदावरीवरील नांदूर-मधमेश्वर तर इंग्रजी अमदानीतील बंधाऱ्याच्या गाळातून निपजले, आणि तेच रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय! पाणी कोणी अडवले हे पक्षी विचारीत नाहीत. विचारतो तो कायदा. २०१७ च्या पाणथळ नियमांतील व्याख्येने पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय 'पाणथळ' या संज्ञेतूनच वगळले. वर सांगितलेली स्थळे यादीत वा अभयारण्यात असल्याने त्यांना संरक्षण आहे. पण जे तळे कोणत्याच यादीत नाही, त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? आमच्या स्नेह्यांनी चहाच्या पेल्याबरोबर जे हसत म्हटले, तेच कोणीतरी टेबलाशी बसून गंभीरपणे लिहिले, एवढाच काय तो फरक.

तिसरा आक्षेप घाणीचा. ती कोणी नाकारू नये. राजधानीतील नाल्यांचे पाणी यमुनेत येते. कालिंदी कुंजच्या पुलाखाली फेसाचे पांढरे थर तरंगतात. परंतु हा फेस चक्रवाकाने आणलेला नाही. आपण नदी नासवायची आणि मग नासलेल्या नदीत पाहण्यासारखे काय उरले, म्हणून तिच्याकडे पाठ फिरवायची, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

एवढ्यावर हा विषय संपता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. खरा प्रश्न कुंपणाबाहेरचा आहे. अभयारण्याभोवती किती अंतरापर्यंत बांधकामावर निर्बंध असावेत, हे वर्षानुवर्षे ठरले नव्हते, आणि दरम्यान भोवती इमारती चढत राहिल्या. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने, हे क्षेत्र निश्चित होईपर्यंत दहा किलोमीटरांच्या परिघातील बांधकामांना पूर्णत्वाचे दाखले देऊ नयेत, असा आदेश दिला. ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचना निघाली: उत्तरेस १.२७ किलोमीटर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेस अवघे १०० मीटर. एवढे अंतर आमच्यासारखा निवृत्तीकडे झुकलेला मनुष्यही दीड मिनिटात चालून जातो!

यावर कोणी म्हणेल, घरांसाठी पैसे भरून ताब्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांनी काय करायचे होते? प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून घर घेणाऱ्याचा यात अपराध नाही, आणि त्याला पक्ष्यांचा शत्रू ठरवणे हा निव्वळ ढोंगीपणा होईल. पण त्याला आणि पक्ष्याला एकमेकांसमोर उभे कोणी केले? इमारतींना परवानगी देण्यापूर्वी जो निर्णय व्हायला हवा होता, तो इमारती उभ्या राहिल्यावर झाला. तोवर मोजायला उरले होतेच काय? फाइल पडून राहिली म्हणजे निर्णय झाला नाही, अशी आपली सोयीची समजूत आहे. फाइल पडून असते तेव्हा बाहेर कोणीतरी पाया खणत असतो.

हे आम्ही उंच आसनावरून सांगत नाही. आम्हीही याच खुर्च्यांवर आयुष्य घालवले. एका दूरच्या जिल्ह्यात असताना पावसाळ्यात भरणाऱ्या एका सखल जमिनीच्या कागदावर 'पडीक, उपयोग नाही' असा शेरा आम्ही स्वहस्ते लिहिला होता. ती जमीन आम्ही पाहिलीही नव्हती. पुढे तिचे काय झाले, हे विचारण्याआधीच आमची बदली झाली. बदलीमुळे चूक मागे राहते, आणि तिचा जाब विचारणारे कोणी मागून येत नाही, ही आपल्या नोकरीतील सर्वांत धोक्याची सवलत आहे.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. वाचकहो, तुम्ही कोलकात्यात असा, चंडीगढला असा वा भोपाळला. तुमच्या गावाजवळ पाणथळ असेलच. हिवाळ्यातील एका रविवारी तेथे पायी जा. दुर्बीण नसली तरी चालेल, घाई मात्र नसावी. काय दिसले ते मराठीत आणि तेथील लोकांच्या भाषेतही टिपून ठेवा. मग केव्हातरी तशाच एखाद्या जमिनीचा कागद टेबलावर येईल आणि 'पडीक' हा शब्द सवयीने लेखणीच्या टोकाशी येईल. त्या वेळी सहीपूर्वी एकदा ती जागा पाहून या, आणि टिपणात लिहा: येथे पाणी इतके महिने असते, येथे वारकरी उतरतात.