कडा कापू नका!

पोस्टाची तिकिटे जमवणे हा पोरखेळ आहे, असे आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांचे मत आहे. काही अंशी ते खरेही आहे. कारण आपण तिकिटे पोरासारखीच जमवतो. चित्र पाहतो, देश पाहतो आणि वहीत चिकटवून मोकळे होतो. तिकीट कसे छापले, कसे सुटे केले, इकडे कोणी बघत नाही. माझे म्हणणे असे की, खरी विद्या तिथेच आहे.

हे मी अनुभवाने सांगतो, आणि तो अनुभव अभिमानाचा नाही. आमच्या खोपटच्या घरी आजोबांची तिकिटांची एक जुनी वही होती. सातवीत असताना मी ती नीटनेटकी करायला घेतली. दाते वेडेवाकडे फाटलेले दिसले म्हणून कात्रीने साऱ्या तिकिटांच्या कडा सरळ कापून टाकल्या. आजोबा रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

दाते हा तिकिटाचा जन्मदाखला आहे. दोन सेंटिमीटरांत किती छिद्रे बसतात ते मोजायचे. चौदा बसली तर ते चौदाचे तिकीट. चित्र तेच, रंग तोच, पण आकडा वेगळा आला तर छपाईची खेप निराळी असू शकते. कागदही बोलतो. पंचम जॉर्जची तिकिटे आधी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. १९२६ पासून ती नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. लंडनच्या तिकिटाच्या कागदात एकच तारा, तर नाशिकच्या कागदात अनेक तारे. पुढे सहाव्या जॉर्जची दीड आण्याची व तीन आण्यांची तिकिटे आधी शिळामुद्रणाने आणि मग उठावाच्या ठशांनी निघाली. भिंगाखाली ठशाच्या छपाईत शाई रेषेच्या कडेला दाटलेली दिसते, कधी पाठीवर दाबही जाणवतो. शिळेची छपाई सपाट असते.

काही तिकिटे मुळातच बिनदात्यांची. आपल्या भोर संस्थानाने १८७९ साली देशी कागदावर हाताने शिक्का मारून तिकिटे काढली; त्यांना ना डिंक, ना दाते. जपानची १८७१ सालची पहिली ड्रॅगनची तिकिटे अशीच. तांब्याच्या पत्र्यावर चाळीसही तिकिटे एकेक करून हाताने कोरलेली, म्हणून एकासारखे दुसरे नाही.

लबाडी शिरते ती इथेच. १९४३ साली बर्लिनमध्ये छापलेली, पण कधीच वापरात न आलेली आझाद हिंदची तिकिटे दात्यांची आहेत आणि बिनदात्यांचीही आहेत. दात्यांच्या तिकिटाच्या कडा कापल्या की ते बिनदात्यांचे म्हणून खपवता येते. म्हणून अरुंद कडांच्या सुट्या तिकिटावर जाणकार विश्वास ठेवत नाहीत, जोडी मागतात. दोन तिकिटांच्या मधल्या जागेत छिद्रे नाहीत, हे जोडीत डोळ्यांना दिसते. मला कोणालाही फसवायचे नव्हते. पण आजोबांच्या वहीतले कुठले तिकीट मूळचे कसे होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

कोणी विचारील, दाते मोजून पोट भरते का? नाही भरत. पण इतिहासाच्या तासाला आपण साधनांची चिकित्सा हा शब्द पाठ करतो आणि परीक्षेत गाईडमधून उतरवून काढतो. मूळ कागद हातात घेऊन त्याला प्रश्न विचारण्याची सवय आपल्यापैकी कितीजणांना आहे? ती सवय लावायला रुपया-दोन रुपयांचे जुने तिकीटही पुरते.

म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. इतिहास विभागाने एक चांगले भिंग आणि छिद्रे मोजायची एक पट्टी घ्यावी. विद्यार्थ्यांनी घरातील जुनी पाकिटे, तिकिटे न काढता, जशीच्या तशी आणावीत. महिन्यातून एक दुपार त्यांच्याभोवती बसावे.

आणि मित्रांनो, घरी आजोबांची वही असेल तर जरूर उघडा. कात्री तेवढी बाहेर ठेवा.