विजेचा धक्का आणि नंतरची पाच मिनिटे



ओली कपड्याची तार, कूलर, पाण्याची मोटार. एक धक्का, आणि घरचा कर्ता माणूस जातो. आपण म्हणतो, "विजेने मारला." आमच्या मते हे अर्धेच खरे. पुष्कळदा धक्का क्षणाचा असतो. जीव जातो तो नंतर, प्राणवायूवाचून.

ते कसे? प्रवाह छातीतून गेला की हृदयाची लय बिघडते. ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. जोराच्या विजेने पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रेही पडतात व आतबाहेरच्या क्षारांचा तोल जातो. तो सावरायला पेशीला शक्ती लागते आणि ती शक्ती प्राणवायूवर तयार होते. रक्त थांबले की तो मिळत नाही. मेंदूच्या पेशी तर चार ते सहा मिनिटांतच मरू लागतात.

यावरचा उपाय कामगारांच्या मरणातून शोधला गेला. अमेरिकेत तारांवर काम करणारे मजूर धक्क्याने मरत, म्हणून १९२०च्या दशकात तेथे संशोधन सुरू झाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील विद्युत अभियंते कौवेनहोवेन यांनी ज्यूड व निकरबॉकर यांच्यासह १९६० साली दाखवून दिले की, छाती बाहेरून दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. हृदय थांबलेल्या त्यांच्या पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले. हत्यार कोणते? नुसते दोन हात!

म्हणून हे लक्षात ठेवा. आधी मेन स्विच बंद करा. तोवर त्या माणसाला हात लावू नका. रस्त्यावर तुटलेल्या तारेजवळ तर जाऊच नका. वीज बंद झाली की हाक मारा, खांदा हलवा. तो हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर न वाकवता दाबावे: दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे, पण गाडी येईपर्यंत थांबू नये.

कुठे कुठे अशा माणसाला मातीत पुरतात, शेणात ठेवतात. माती वीज शोषत नाही. मोलाची मिनिटे मात्र खाते.

आज रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांना, मुलींनाही, उशीवर हा सराव करायला लावा. मेन स्विच कुठे आहे तेही दाखवा. शिकलेले हात घरात असू द्या.