तपाच्या वरघोड्यात डिस्कोचा ठोका कशाला?

वरघोड्यात डीजे लावला की म्हणतात, ‘स्तवनच तर आहे!’ शब्द स्तवनाचे, पण ठोका कुठला? १९७७ साली जॉर्जिओ मोरोडर यांनी म्युनिकमध्ये डोना समरचं ‘आय फील लव्ह’ यंत्रांवर बांधलं. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास, एकसारखे, न थांबणारे ठोके. डिस्कोत लोकांनी भान विसरून नाचावं म्हणून. तिथे ते शोभतं, गाणंही छान आहे. पण आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहिलेली अठ्ठाईवाली रथात बसलेली, आणि रावेरच्या अरुंद गल्लीत तिच्या छातीवर हा दणका? तप भान राखायला असतं, विसरायला नव्हे. यंदा घरातल्या पुरुषांना ठणकावून सांगा: ढोल पुरे, स्तवनं आम्हीच गाऊ.