पाणी कोणाचे?

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे गाव. गोदावरीच्या खोऱ्यातील अशा गावांत उन्हाळा लागला की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : भूगर्भातील पाणी कोणाचे? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे उत्तर सरळ आहे. ज्याची जमीन, त्याचे पाणी. म्हणजे ज्याची कूपनलिका खोल त्याचा ऊस हिरवा, आणि भूमिहीनाची घागर रिकामी. २००९ च्या भूजल अधिनियमाने उपशावर नियंत्रण आणू पाहिले. पण मालकीची ही कल्पना अद्याप मोडलेली नाही.

इस्लामी परंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तर समाजवादी कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. मनुष्य हा पृथ्वीचा मालक नव्हे, तर खलिफा, म्हणजे विश्वस्त होय. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्वांचा समाईक वाटा आहे, अशा आशयाचे प्रेषितांचे वचन अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. पावसावर आलेल्या पिकातून दशांश द्यावा, कष्टाने पाणी काढून भिजवलेल्या पिकातून विसांश, असा उश्रचा दंडक आहे. निसर्गाने फुकट दिले त्यावर समाजाचा हक्क अधिक, घामाने पिकवले त्यावर कमी, असा या दंडकाचा अर्थ आम्ही लावतो.

मराठवाड्याला ही परंपरा परकी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधून पाणी आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीवर फकीर व यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाऊ लागले.

तथापि वचनांतून न्याय आपोआप उतरत नाही. वक्फ मालमत्तांचे उत्पन्न त्यांच्या मूल्याच्या मानाने किती तुटपुंजे आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले. ज्या गोरगरिबांसाठी हे दान झाले, त्यांना त्याचा हिशेब विचारता येत नाही. विश्वस्ताला जाब विचारणारी लोकशक्ती नसेल तर विश्वस्ताचा मालक होण्यास वेळ लागत नाही.

ती लोकशक्ती कशी उभी राहते याचा धडा विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीने घालून दिला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे तर माणशी, भूमिहीनालाही हक्क, उसाला मनाई. धर्मग्रंथाचा आधार न घेता तेथे तेच तत्त्व अमलात आले.

म्हणूनच मशिदीत, विहारात, देवळात ज्याने त्याने आपल्या श्रद्धेच्या भाषेत हे तत्त्व जरूर मांडावे. मात्र ठराव ग्रामसभेत व्हावा, आणि त्यावर पहिली सही भूमिहीनाची असावी.